विश्लेषण : इंजिनातल्या तेलाचे गणित मांडणारे ऑस्बर्न रेनॉल्ड्स कोण होते?

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत वाहने आणि डिझेल इंजिनाचे इंजेक्टर तयार होतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दिंडोरी रस्त्यावरील ‘मेरी’ म्हणजेच महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत धरणांच्या सांडव्यांच्या लहान प्रतिकृती बांधून पाण्याचे वर्तन तपासले जाते. या दोन कामांचा एकमेकांशी वरकरणी काहीच संबंध नाही. तरी दोन्हींच्या मुळाशी एकोणिसाव्या शतकातील एका प्राध्यापकाचे काम आहे. ऑस्बर्न रेनॉल्ड्स (१८४२-१९१२) हे त्यांचे नाव. अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी ‘रेनॉल्ड्स अंक’ पाठ करतो. पण इंजिनातील वंगणाचे कोडे त्यांनीच सोडवले, हे कमी जणांना ठाऊक असते.

इंजिनातले तेल नेमके काय करते?

धातूवर धातू घासला की झीज होते, उष्णता वाढते आणि शेवटी भाग एकमेकांत अडकतात. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘सीझ’ होते. तेलामुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो, असे साधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात चालू इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकलेलाच नसतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. जास्तीत जास्त भाराच्या क्षणी हा थर एखाद्या मायक्रॉनइतका उरतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून हा थर किती पातळ आहे याची कल्पना यावी. एवढा पातळ थर इतका मोठा भार कसा पेलतो, हे १८८६ पर्यंत कोणालाच नीट सांगता आले नव्हते.

रेनॉल्ड्स यांची जडणघडण कशी झाली?

रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील तेथे शाळेचे प्राचार्य होते. पुढे कुटुंब इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात डेडहॅम येथे राहायला गेले. वडील धर्मोपदेशक, पण त्यांनी केंब्रिजमध्ये गणिताचे शिक्षण घेतले होते आणि त्यांना यंत्रांचा नाद होता. शेतीच्या अवजारांतील सुधारणांची पेटंटेही त्यांच्या नावावर होती. गणित आणि यंत्र या दोन्ही गोष्टी मुलाला घरातच मिळाल्या.

त्या काळी हुशार मुलगा शाळा संपवून थेट विद्यापीठात जाई. रेनॉल्ड्स यांनी क्रम बदलला. १८६१ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी ते स्टोनी स्ट्रॅटफर्ड येथे एडवर्ड हेज यांच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. यंत्रे चालतात कशी आणि बिघडतात कशी, हे तेथे त्यांनी हाताने शिकून घेतले. दिसणाऱ्या गोष्टींची कारणे समजायची तर गणित हवे, हेही त्यांना तेथेच कळले. त्यानंतर ते केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात गेले आणि १८६७ मध्ये गणिताच्या अत्यंत अवघड परीक्षेत सातवे आले.

वर्षभर लंडनमध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या कार्यालयात काम केल्यावर १८६८ मध्ये, वयाच्या अवघ्या २५व्या वर्षी, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीच्या नव्याने निर्माण झालेल्या प्राध्यापकपदावर त्यांची निवड झाली. ब्रिटनमध्ये अभियांत्रिकीचे प्राध्यापक हे पद भूषवणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांचा समावेश होतो. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. मात्र साधारण वर्षभरातच पत्नीचे निधन झाले. १८८१ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. मँचेस्टरची नोकरी त्यांनी १९०५ पर्यंत, म्हणजे ३७ वर्षे सोडली नाही.

शिक्षक म्हणून ते कसे होते?

सोपे करून सांगणारे शिक्षक अशी त्यांची ख्याती नव्हती. बोलता बोलता नवा विचार सुचला की ते फळ्याकडे वळत आणि वर्ग मागे राही. गणनपट्टी कशी वापरावी हे दाखवताना त्यांनी तीन गुणिले चार हे उदाहरण घेतले, उत्तर ११.८ आले आणि आपल्या कामापुरते ते पुरेसे आहे असे सांगून ते पुढे गेले, असा किस्सा त्यांच्याबद्दल सांगितला जातो. वर्ग हसला असेल. पण मोजमापात नेहमी थोडी चूक राहते आणि किती चूक चालेल हे कामावर ठरते, हा अभियांत्रिकीतला महत्त्वाचा धडा त्यात होता.

जे. जे. थॉमसन हे त्यांचे सर्वांत नावाजलेले विद्यार्थी. १८७० मध्ये वयाच्या १४व्या वर्षी ते ओवेन्स कॉलेजात आले होते. पुढे १८९७ मध्ये केंब्रिजला त्यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला. हा दुवा पुन्हा उपयोगी पडणार आहे.

रंगाच्या रेघेचा प्रयोग काय होता?

पाणी नळातून कधी शांतपणे, थराथराने वाहते, तर कधी खळबळत. एका प्रकारातून दुसऱ्यात बदल नेमका केव्हा होतो? रेनॉल्ड्स यांनी पाण्याच्या टाकीत आडवी काचेची नळी बसवली आणि तिच्या तोंडाशी रंगीत पाण्याची बारीक धार सोडली. वेग कमी असताना रंगाची रेघ नळीभर सरळ राही. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर रेघ थरथरे, तुटे आणि रंग सगळीकडे पसरे.

नळीचा व्यास, पाण्याचा वेग आणि तापमान बदलत त्यांनी हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की हा बदल केवळ वेगावर ठरत नाही. वेग, नळीचा व्यास, द्रवाची घनता आणि त्याची श्यानता म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, या चार गोष्टींच्या एका गुणोत्तरावर तो अवलंबून असतो. या गुणोत्तराला एकक नसते. साध्या नळात ते साधारण २,००० च्या खाली असेल तर प्रवाह शांत राहतो. जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १९०८ मध्ये त्याला रेनॉल्ड्स यांचे नाव दिले.

बेअरिंगमधून बूच का उडाले?

त्याच सुमारास लंडनमध्ये वेगळेच काम सुरू होते. रेल्वेच्या आसांचे घर्षण हा तेव्हाच्या उद्योगाचा मोठा खर्च होता. कोळसा जळे, बेअरिंग तापे, गाड्या रखडत. प्रयोगांचे आकडे मात्र एकमेकांशी जुळत नव्हते. यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने हे काम बीचम टॉवर या अभियंत्याकडे सोपवले.

टॉवर यांनी ४ इंच व्यासाचा आणि ६ इंच लांबीचा फिरता आस घेतला, त्यावर पितळी अर्धे बेअरिंग ठेवून भार दिला आणि आसाची खालची बाजू तेलात बुडती ठेवली. तेल भरपूर असताना घर्षण अपेक्षेपेक्षा फारच कमी आले. शिवाय भार वाढवला तरी ते फारसे वाढत नव्हते. कोरड्या घर्षणाचा नियम याच्या उलट सांगतो.

मग टॉवर यांनी वरून तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडले. यंत्र सुरू होताच तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्यांनी छिद्रात बूच बसवले. ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही वर आली. शेवटी दाबमापक जोडला, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता फक्त १०० पौंड. पुढच्या प्रयोगांत त्यांनी बेअरिंगवर ठिकठिकाणी दाब मोजले आणि त्यांची बेरीज केली. ती ७,९८८ पौंड भरली. लादलेला भार ८,००८ पौंड होता. म्हणजे जवळजवळ संपूर्ण भार तेलच उचलत होते. टॉवर यांचे मोजमाप अचूक होते. असे का होते, हे मात्र त्यातून कळत नव्हते.

रेनॉल्ड्स यांनी नेमके काय केले?

टॉवर यांचे आकडे वाचून रेनॉल्ड्स यांनी पातळ थरात द्रव कसा वाहतो याचे गणित मांडले. १८८६ मध्ये त्यांचा निबंध रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. त्यातले समीकरण आज ‘रेनॉल्ड्स समीकरण’ म्हणूनच ओळखले जाते.

त्यातला विचार असा. भार आल्यावर आस बेअरिंगच्या मध्यभागी राहत नाही, किंचित एका बाजूला सरकतो. त्यामुळे दोन पृष्ठभागांमधली फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद होते. तिचा आकार पाचरीसारखा बनतो. तेलाचा थर फिरत्या आसाला चिकटतो आणि आस त्याला रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे ओढत नेतो. पुढे जागा कमी असल्याने तेल कोंडते आणि दाब वाढतो. त्याच दाबावर आस तरंगतो. यासाठी तीन गोष्टी लागतात: गती, श्यानता आणि पाचरीसारखी फट. तिन्हींपैकी एक जरी नसली, तरी हा दाब तयार होत नाही.

पण समीकरण मांडून काम संपले नाही. तेल तापले की पातळ होते. टॉवर यांच्या आकड्यांशी गणित पडताळायचे तर प्रत्येक तापमानाला तेलाची श्यानता किती, हे माहीत हवे. म्हणून रेनॉल्ड्स यांनी स्वतः ऑलिव्ह तेलावर प्रयोग केले, वेगवेगळ्या तापमानांना त्याची श्यानता मोजली आणि तिच्या घटण्याचे सूत्र दिले. टॉवर यांनी वापरलेल्या तेलांपैकी ऑलिव्ह तेल हे एक होते.

दुसरी अडचण अधिक अवघड होती. आस आणि बेअरिंग यांच्या त्रिज्यांमधला फरक इतका सूक्ष्म होता, की टॉवर यांच्याकडे त्याचे मापच नव्हते. रेनॉल्ड्स यांनी उलट मार्ग धरला. मोजलेले घर्षण आणि समीकरण यांची सांगड घालून हा फरक किती असला पाहिजे, ते त्यांनी काढले. जिथे मापकाचे टोक पोहोचत नाही, तिथे गणिताने माप घेतले. मोजमाप आणि गणिती प्रारूप एकमेकांना कसे पुरे पडतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

त्याने उद्योगात काय बदलले?

तोवर बेअरिंग अनुभवाने आणि अंदाजाने घडवले जात. आता तेल किती घट्ट हवे, फट किती ठेवावी आणि किती भार चालेल, याचा हिशेब करता येऊ लागला. ऑस्ट्रेलियन अभियंता ए. जी. एम. मिशेल यांनी याच गणिताच्या आधारे १९०५ मध्ये स्वतःहून किंचित कलणाऱ्या पट्ट्यांचे बेअरिंग शोधले. अमेरिकेत आल्बर्ट किंग्जबरी यांनी स्वतंत्रपणे तसेच बेअरिंग तयार केले. मोठ्या जहाजांचे पंखे आणि जलविद्युत केंद्रांतली अवजड टर्बाइन अशा बेअरिंगवर फिरतात.

आजच्या इंजिनातही हेच समीकरण लागू आहे. पिस्टन वर आणि खाली टोकाला पोहोचतो तेव्हा क्षणभर थांबतो. गती शून्य झाली की तेलाचा दाब तयार होत नाही आणि रिंग सिलिंडरला घासते. जुन्या इंजिनाचे हेड उघडल्यावर बोअरच्या वरच्या टोकाशी बोटाला जी पायरी लागते, ती या थांबण्याचीच खूण असते. थंड इंजिन सुरू करताक्षणी जोरात रेस करू नये, असे जुने मेकॅनिक सांगतात, त्यामागचे कारणही हेच: सुरुवातीला तेलाचा थर पुरता तयार झालेला नसतो.

नाशिकमध्ये तयार होणाऱ्या डिझेल इंजेक्टरबाबत प्रश्न आणखी नाजूक आहे. त्यातली सुई आणि तिचे घर यांच्यात दोन-चार मायक्रॉनचेच अंतर असते आणि तेथे वंगणाचे काम डिझेललाच करावे लागते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली. हवा स्वच्छ राहण्यासाठी हे आवश्यक होते. मात्र गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले नैसर्गिक वंगणकारी घटकही निघून जातात. त्यामुळे त्यात वेगळी रसायने मिसळावी लागतात. त्या डिझेलमध्ये पोलादी गोळी घासून तिच्यावर पडणारा व्रण मोजला जातो. तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये.

‘मेरी’शी त्यांचा संबंध कसा?

लिव्हरपूलजवळच्या मर्सी नदीच्या मुखाशी गाळ कसा साठतो, हा १८८० च्या दशकात बंदराच्या दृष्टीने कळीचा प्रश्न होता. रेनॉल्ड्स यांनी नदीमुखाची लहान प्रतिकृती प्रयोगशाळेत बांधली. तळाशी वाळू पसरली आणि कृत्रिम भरती-ओहोटी निर्माण केली. आडवे अंतर सुमारे ३१,८०० पट, तर खोली ९६० पट लहान केली होती. लहान प्रतिकृतीत काळही लहान करावा लागतो, हे त्यांनी हिशेबाने दाखवले. समुद्रातली साडेबारा तासांची भरती-ओहोटी तेथे सुमारे ४० सेकंदांत उरकत असे. काही हजार भरत्यांनंतर प्रतिकृतीतल्या वाळूने खऱ्या नदीमुखासारखेच उथळ आणि खोल भाग घडवले.

हलत्या वाळूच्या प्रतिकृतींची शास्त्रशुद्ध परंपरा येथून रुजली. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आणि नाशिकची ‘मेरी’ या त्याच वाटेवरच्या संस्था. कोट्यवधी रुपयांचा सांडवा बांधण्याआधी पुराचे पाणी त्यावरून कसे उतरेल, तळ कुठे खरवडला जाईल, हे प्रतिकृतीत पाहणे कितीतरी स्वस्त पडते. चूक तेथेच सापडली तर खाली राहणाऱ्या गावांचा धोका टळतो.

त्यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरले का?

नाही. १८७७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १८८८ मध्ये तिचे रॉयल पदक मिळालेले रेनॉल्ड्स आयुष्याच्या उत्तरार्धात एका भव्य कल्पनेने झपाटले. सगळे विश्व एकमेकांना लागून असलेल्या अतिसूक्ष्म, कठीण कणांनी भरलेले आहे, असे त्यांचे मत झाले. १९०३ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला. १९०४ मध्ये काढलेल्या त्यांच्या तैलचित्रात पोलादी गोळ्यांनी भरलेले भांडे त्यांच्या हातात दिसते. ही कल्पना विज्ञानाने स्वीकारली नाही. नळी, बेअरिंग आणि नदी यांच्या बाबतीत गणिताला रोखून धरणारे मोजमाप त्यांच्यापाशी होते. विश्वाच्या बाबतीत ते नव्हते.

याच काळात त्यांची तब्येत आणि बुद्धीची धार दोन्ही खालावत गेली. १९०५ मध्ये ते निवृत्त झाले. २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधील वॉचेट येथे त्यांचे निधन झाले.

मोबाइलच्या मेमरीशी याचा काय संबंध?

फोनमधले फोटो किंवा पेन ड्राइव्हमधली कागदपत्रे फ्लॅश मेमरीत साठतात. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती विकसित केली. तिच्या प्रत्येक लहानशा कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. रेनॉल्ड्स यांच्या विद्यार्थ्याने शोधलेले तेच इलेक्ट्रॉन. त्यांना अडवून ठेवणारा सिलिकॉन ऑक्साइडचा थर १० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या थरापेक्षाही सुमारे शंभर पट पातळ असतो. विद्युतदाब दिल्यावर इलेक्ट्रॉन हा थर कसा ओलांडतात, याचे गणित राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये, तेव्हा धातूंच्या संदर्भात, मांडले होते.

प्रत्येक वेळी माहिती लिहिताना आणि पुसताना हा थर थोडा खराब होतो. मग साठवलेली माहिती दहा वर्षे टिकेल, असे कंपनी कशाच्या जोरावर सांगते? दहा वर्षे थांबणे शक्य नसते. चिप तापवून गळती मोजली जाते आणि ती मोजमापे गणिती प्रारूपात घालून नेहमीच्या तापमानाचा हिशेब काढला जातो. फक्त मोजले तर उद्याचे कळत नाही. फक्त गणित मांडले तर ते खरे की खोटे, हे कळत नाही.

आज पुढे काय?

रेनॉल्ड्स यांना जे डोळ्यांनी पाहता आले नाही, ते आता वेगवेगळ्या मार्गांनी मोजता येते. चालू इंजिनातल्या तेलाची जाडी ध्वनिलहरी, लेसर किंवा विद्युत धारिता वापरून काढली जाते. दुसऱ्या बाजूला १८८६ चे समीकरण संगणकावर दर अंशाला सोडवले जाते. दोन्ही उत्तरे जुळली तरच रचना पुढे जाते. इंधन वाचावे म्हणून इंजिन तेल दिवसेंदिवस पातळ केले जात आहे. तेल जितके पातळ, तितके घर्षण कमी. पण थरही तितकाच बारीक आणि तो तुटण्याची शक्यता जास्त. म्हणून कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच तेल घालणे आणि ते वेळेवर बदलणे, यातच गाडीमालकाचे हित आहे.